सरांची सुरगाठ

आमचे इंग्रजीचे सर सायकल घेऊन चालायचे. चालवायचे नाहीत, घेऊन चालायचे. सातपूरच्या आमच्या शाळेपासून कॉलनीपर्यंतचा सगळा रस्ता ते हँडल धरून, सायकलीला सोबतीण असल्यासारखं बाजूला ठेवून कापायचे. हँडलच्या एका बाजूला तपासायच्या पेपरांची पिशवी आणि दुसऱ्या बाजूला भाजीची. पहिली पाळी सुटली की कामगारांच्या मोटारसायकलींचा लोंढा यायचा आणि सरांना वळसा घालून पुढे जायचा. मी एकदा धीर करून विचारलं होतं, "सर, तुम्ही सायकलवर बसत का नाही?" सर म्हणाले, "बसलो तर लवकर पोचेन. मग विचार कधी करू?" सायकल विकून टाका, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण इंग्रजीचे मार्क त्यांच्या हातात होते, म्हणून गप्प बसलो.

विचार ते इंग्रजी शब्दांचाच करायचे. बाजाराच्या दिवशी सर आणि सायकल पुढे असायचे आणि काकू मागे. आमच्याकडे नवरा पुढे आणि बायको मागे चालते, त्यात कोणाला काही वाटत नाही. माझे वडीलही तसेच चालायचे. सरांचं अंतर मात्र जरा जास्तच असायचं, आणि चालताना ते काकूंना शब्द समजावून सांगायचे. तोंड पुढे, आवाज पुढे, आणि काकू मागे. काकूंपर्यंत त्यातलं काही पोचत नसे. मी त्यांना हे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ऐकू येत नाही असं सांगितलं तर ते मागे येऊन सांगतील. आहे ते बरंय."

सरांची शिकवायची पद्धत अशी होती की आठवड्याला एकच शब्द. धडे, व्याकरण, निबंध हे सगळं चालायचं, पण फळ्याच्या कोपऱ्यात सोमवारी एक शब्द लिहिला जायचा आणि तो शनिवारपर्यंत पुसायचा नाही. शब्द पाठ करायला ते कधीच सांगत नसत. तो करायचा असे. "शब्द अंगात भिनला पाहिजे," हे त्यांचं आवडतं वाक्य. 'श्रग' हा शब्द होता त्या आठवड्यात अख्खा वर्ग येताजाता खांदे उडवत होता. वडील दुसऱ्या पाळीहून आले, त्यांनी विचारलं, गणितात किती पडले, आणि मी खांदे उडवले. तेवढा मार मी आयुष्यात गणितासाठीसुद्धा खाल्लेला नाही. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, तर ते खूश झाले. म्हणाले, "म्हणजे तू बरोबर केलास."

मग एका सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात 'हॉबल' आला.

सरांनी अर्थ सांगितले. हॉबल म्हणजे लंगडत, अडखळत चालणं. हॉबल म्हणजे जनावर लांब जाऊ नये म्हणून त्याचे दोन पाय एकमेकांना बांधणं. कोणाच्या कामात खोडा घातला तरी हॉबल. आणि विलायतेत एके काळी बायकांच्या घागऱ्यांची अशी फॅशन आली होती की खाली घोट्याशी घागरा इतका चिंचोळा, बाईला अर्धंच पाऊल टाकता यावं. त्या घागऱ्यालाही हॉबल म्हणायचे. "म्हणजे त्या बायकांनी पैसे देऊन पाय बांधून घेतले," सर चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले. मुली खूप हसल्या.

सर मूळचे येवल्याकडचे. त्यांच्या वडिलांकडे एक घोडी होती. लग्नसराईत ती नवरदेवाला मिरवायची आणि एरवी चरायची. चरायला सोडताना वडील तिचे पुढचे दोन पाय सुती दोरीने सैलसर जोडायचे, पायबंद घालायचे. मग ती उड्या मारत, लंगडत इकडेतिकडे चरायची, पण गावाबाहेर जायची नाही. "मी लहानपणी तासन्‌तास तिच्याकडे बघायचो," सर म्हणाले. "शब्द मला पुढे कॉलेजात भेटला. घोडी आधीच भेटली होती." हे सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर शाळेचं मैदान होतं, घोडी नव्हती.

त्यानंतर त्यांनी पिशवीतून नाड्या काढल्या. लेंग्याच्या नाड्या. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या काढून आणलेल्या दिसत होत्या, आणि त्यांना जोड देऊन लांब केलं होतं. आमच्या जोड्या लावल्या, तीन पायांच्या शर्यतीत लावतात तशा. एकाचा डावा पाय, दुसऱ्याचा उजवा. बांधायचे सर स्वतः. गाठ सुरगाठच, म्हणजे एक टोक ओढलं की सुटते ती. निरगाठ मारलेली त्यांना चालत नसे. आणि ते ओढायचं टोक त्यांनी दोघांपैकी जो अशक्त, घाबरट किंवा बुटका असेल त्याच्या मुठीत दिलं. "बांधणाऱ्याने टोक आपल्याकडे ठेवायचं नाही," सर म्हणाले. "नकोसं झालं की ज्याचं त्याने ओढायचं. कारण सांगायचं नाही."

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, घोडीच्या हातात कुठे टोक असतं?"

सरांनी बराच वेळ विचार केला. "नसतं," ते म्हणाले. "तेच तर वडिलांचं चुकलं."

त्या आठवड्यात शाळेत तपासणी होती. साहेब व्हरांड्यातून चालले होते, बरोबर मुख्याध्यापक, आणि समोरून आमचा वर्ग नाड्या बांधून लंगडत येत होता. साहेब थबकले. "या मुलांना झालंय काय?" त्यांनी विचारलं. मुख्याध्यापकांनी सरांकडे बोट दाखवलं. सर म्हणाले, "शब्द आहे, साहेब. सोमवारपर्यंत बरा होईल." त्यावर सरांना लेखी खुलासा द्यावा लागला म्हणतात. तोही त्यांनी इंग्रजीत दिला, आणि तो समजून घ्यायच्या फंदात कोणी पडलं नाही.

बाकीचे शब्द आठवडाभर राहून गेले. हा सरांपाशीच राहिला. बँकेत दोऱ्याने बांधलेलं पेन दिसलं की ते समाधानाने म्हणायचे, "हॉबल." पाणपोईच्या साखळीतला पेला हॉबल. सिग्नलला अडकलेली सिटी बस हॉबल. मी शाळा सोडली, आयटीआय केलं, इथेच एका वर्कशॉपमध्ये लागलो, लग्न झालं, तरी सर रस्त्यात भेटले की समोरच्या कशाकडे तरी बोट दाखवायचे आणि मी म्हणायचो, "हॉबल, सर." मग ते सायकल घेऊन पुढे जायचे. आमच्यातलं संभाषण एवढंच असायचं, पण ज्या दिवशी ते भेटत नसत त्या दिवशी मला चुकल्यासारखं व्हायचं.

काकू पडल्या तेव्हा मी तिथेच होतो. नाक्यावर भाजीची गाडी लावणाऱ्या मावशी आहेत, मखमलाबादकडच्या. स्वतःच्या मळ्यातला माल आणतात. मी त्यांच्याकडे मेथी घेत होतो. सर आणि सायकल समोरून गेले, सर नेहमीप्रमाणे काहीतरी समजावत होते. मागून काकू आल्या, उखडलेल्या फरशीवर त्यांचा पाय मुरगळला आणि त्या बाजूला कोसळल्या. ओरडल्यासुद्धा नाहीत. मावशींनीच गाडीमागून आरोळी ठोकली, "ओ सर! आवो सर! बाई पडल्या ना हितं!"

सर पार कोपऱ्यावर पोचले होते. त्यांचं बोलणं चालूच होतं. मी काकूंना धरलं, मावशींनी रिक्षा थांबवली, आणि मग मी धावत जाऊन सरांना गाठलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. त्यांच्या हातातून सायकल सुटली. तिच्या पिशवीतले टोमॅटो रस्त्यावर घरंगळले ते तसेच राहिले.

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, हाडाचं काम झालं, आता चालायला लागा. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. वॉकर आणला. काकू पलंगावर उठून बसायच्या, पाय खाली सोडायच्या, उभ्यासुद्धा राहायच्या. पाऊल उचलायचं म्हटलं की घामाघूम व्हायच्या आणि परत बसायच्या. असं दोन-तीन महिने चाललं. मी भेटायला गेलो तेव्हा वॉकरवर टॉवेल वाळत होते. व्यायामाच्या मुलीने मला दारात गाठून सांगितलं, "काका, आता नाही चालल्या तर पुढे जमणारच नाही. पाय आखडत चाललाय. मग पलंगच."

मी आत गेलो. सर पलंगाशी स्टुलावर बसले होते. काकूंची समजूत काढत होते. "अगं, पडशील कशी? मी आहे ना बरोबर."

काकू शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही कुठे असता बरोबर? तुम्ही कोपऱ्यावर असता."

मला कुठे बघावं कळेना. भांडण असतं तर मी मध्ये पडलो असतो, पण हे भांडण नव्हतं. काकूंनीच मग मला चहा घेतोस का विचारलं आणि पुन्हा सरांकडे वळून म्हणाल्या, "लग्नात शेल्याची गाठ बांधून फिरवलं होतं, तेव्हासुद्धा तुम्ही पुढेच होतात. मी ओढले गेले मागून." सर म्हणाले, "तशी पद्धतच आहे." आणि चहा करायला उठले. चहात साखर नव्हती. मी तसाच प्यायलो.

चार-आठ दिवसांनी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कोणीतरी गॅलरीतून काढलेला. सर आणि काकू गल्लीत उभे, आणि सर खाली वाकून आपला पाय काकूंच्या पायाला बांधताहेत. मग दोघं कडेने, इंचाइंचाने सरकताहेत. खाली लिहिलं होतं, 'ज्येष्ठ महिलेचे हाल. कोणी लक्ष घालेल का?' लक्ष कोणी घातलं नाही. हात जोडलेली चित्रं मात्र भरपूर आली, आणि एकाने चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

मी कामावरून सुटल्यावर गेलो. बघतो तर काकूंच्या अंगात पंजाबी ड्रेस. जन्मभर पाचवारीखेरीज काही न नेसलेली बाई. साडीच्या निऱ्या पायात येतात म्हणून सरांनी स्वतः दुकानात जाऊन आणला होता, आणि तो दोन माणसांना पुरला असता. काकूंच्या जुन्या सुती साडीची रुंद, मऊ पट्टी फाडून सरांनी ती आपल्या डाव्या आणि काकूंच्या दुखऱ्या उजव्या पायाच्या घोट्याभोवती गुंडाळली होती. "सर, हे डॉक्टरांना विचारलंत का?" मी म्हणालो.

"विचारलं. ते म्हणाले, असं कुठल्याच पुस्तकात नाही."

"मग?"

"मी म्हटलं, माझ्या पुस्तकात आहे."

काकू म्हणाल्या, "तू बाजूला हो रे. आमची लय जाते." आणि मग सरांना, "हं. बांधलेला पाय. आता सुटा पाय."

त्या सांगायच्या आणि सर पाऊल टाकायचे. सरांचं पाऊल जन्मजात लांब. पहिले काही दिवस ते विसरायचे, ढांग टाकायचे, आणि काकू किंचाळायच्या, "अहो!" एकदा तर सरच तोंडावर पडता पडता वाचले. काकूंनी त्यांचा दंड धरून सावरलं. मला हसू आलं आणि तेवढंच भरूनही आलं. पडायच्या भीतीने महिनोन्‌महिने पलंग न सोडलेल्या बाईने दुसऱ्याला पडताना धरलं होतं. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं, ती त्यांना रागावण्यात गुंतली होती.

पुढच्या रविवारी त्यांचा मुलगा मिलिंद पुण्याहून आला. व्हिडिओ त्याच्यापर्यंत पोचला होता. गाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी करून, दार उघडं टाकून तो धावत आला. सर आणि काकू निंबाच्या झाडापर्यंत पोचले होते.

"बाबा, सोडा तिला आधी! काय चालवलंय हे? लोक काय काय बोलताहेत माहितीये? शाळेत ठीक होतं तुमचं हे सगळं. ती पेशंट आहे!"

गॅलऱ्या भरल्या. सर खाली मान घालून उभे राहिले. वाकून गाठ सोडायला त्यांनी हात खाली नेलाच नाही, आणि मिलिंदला त्याचाच जास्त राग आला. "बाबा, मी काय म्हणतोय? सोडा!"

"ओरडू नकोस रे," काकू म्हणाल्या. "त्यांना नाही सोडता येणार. त्यांच्याकडे टोक नाही." त्यांनी डावी मूठ उघडली. ओढणीच्या आडून, कुडत्याच्या कडेने वर आलेलं पट्टीचं लांब टोक त्यांच्या मुठीत होतं. धरून धरून चुरगळलेलं, घामाने ओलं. "पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच आहे. ओढलं की सुटते."

मिलिंद आमच्याच वर्गात होता. हॉबलच्या आठवड्यात आम्ही दोघं एका नाडीत बांधलेलो होतो, आणि टोक त्याच्याकडे होतं, कारण तो बुटका होता. त्याने ते टोक बघितलं. मग लहान मुलासारखं त्याने विचारलं, "मग ओढत का नाहीस तू?"

"ओढलं की हे जातील कोपऱ्यावर," काकू म्हणाल्या. "सवय आहे त्यांना. तू आत जा, हातपाय धू. आम्ही पलीकडच्या खांबापर्यंत जाऊन येतो."

मिलिंद आत गेला नाही. पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत राहिला. गाडीचं दार संध्याकाळपर्यंत उघडंच होतं.

खांबापासून देऊळ, देवळापासून दवाखाना असं करत करत दिवाळीनंतर ते नाक्यापर्यंत येऊ लागले. लोकांना सवय झाली. रिक्षावाले थांबून वाट द्यायचे. सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. सर आता चालताना फार बोलत नसत. बोलले तरी हळू बोलायचे, कारण ऐकणारं माणूस कानाशीच होतं. काकू म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हे काय काय सांगत होते ते आत्ता कळतंय. बरंचसं नाही ऐकलं तरी चाललं असतं."

परवाचीच गोष्ट. मी मावशींच्या गाडीपाशी होतो. सर-काकू आले, कोथिंबीर आणि वांगी घेतली. पट्टी घोट्याला होती, मी मुद्दाम बघितलं होतं. काकूंनी मावशींशी वांग्यांवरून हुज्जत घातली. मग दोघं परत निघाले. गतिरोधकाच्या अलीकडे काकूंची डावी मूठ जराशी वर गेली आणि उघडली. एवढीच हालचाल. पट्टी घोट्यावरून सैल झाली, एक-दोन पावलं मागे फरफटली आणि रस्त्यात पडून राहिली.

काकू चालत होत्या. आणि शेजारी सर चालत होते. डावा पाय काकूंच्या उजव्या पायाला लावून, अर्धं पाऊल टाकत, तसेच लंगडत.

मी जाऊन पट्टी उचलली. "सर," अशी हाक माझ्या तोंडातून गेली. सरांना ती ऐकू गेली नसावी. काकूंनी मात्र मान वळवली, माझ्या हातातल्या पट्टीकडे बघितलं, आणि डोळ्यांनीच मला दटावलं. मी पट्टी खिशात घातली.

"आवो, सरांना कळंना का?" मावशी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या. "पाय मोकळा झाला ना त्यांचा. पुढं जात नाय ते."

"मावशी, गप ऱ्हा जरा," मी म्हणालो.

दोघं कोपऱ्यावर पोचले. ज्या कोपऱ्यावर मी सरांना धावत जाऊन गाठलं होतं, त्याच. तिथून ते बरोबरच वळले आणि दिसेनासे झाले.

काल सकाळी कामावर निघालो होतो तर सर फाटकाशी उभे. एकटेच. दूध आणायला निघालेले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "परवा रस्त्यात काही सापडलं का रे तुला?"

पट्टी माझ्या खिशातच होती. काकूंचे डोळे आठवले. "नाही सर," मी म्हणालो.

"बरं," सर म्हणाले. "सापडली, तरी आणून देऊ नकोस. तिला वाटतंय, मला अजून कळलेलं नाही."

एवढं बोलून ते दुधाची पिशवी हलवत निघाले. बरोबर काकू नव्हत्या, सायकलही नव्हती. रस्ता सगळा मोकळा होता, आणि सर डावा पाय अर्धाच टाकत होते.